मर्ज : मिसळणं की बुडणं?



आजचा विषय एका शब्दाचा आहे. शब्द इंग्रजी आहे, पण आपल्या तोंडी तो इतका रुळला आहे की त्याला परका म्हणणं जिवावर येतं. शब्द आहे ‘मर्ज’. मोबाइलमध्ये एकाच माणसाचे दोन नंबर असले की फोन विचारतो, मर्ज करू का? बँक मर्ज झाली, पासबुक बदलून घ्या. वाडीची शाळा मर्ज होणार म्हणे. पुणे–सातारा रस्त्यावर कापूरहोळला सेवारस्ता हायवेला मर्ज होतो. भोरच्या बाजारपेठेत किंवा वेल्ह्याच्या एसटी थांब्यावर अर्धा तास उभे राहा, एकदा तरी हा शब्द कानावर पडेल.

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, “सर, मर्ज म्हणजे मराठीत नेमकं काय? एकत्र करणं की विलीन करणं?” प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर शोधताना लक्षात येतं की या दोन मराठी शब्दांत फार मोठं अंतर आहे, आणि त्या अंतरात माणसांची गावं, नावं, शाळा अडकलेल्या आहेत. म्हणून आज आपण तीन गोष्टी बघू. शब्द कुठून आला, तो कसा वापरला जातो, आणि तो वापरला जात असताना आपण काय विचारायला हवं.

आधी मूळ बघू. लॅटिनमध्ये ‘मेर्गेरे’ असं क्रियापद आहे. त्याचा अर्थ एकत्र येणं असा नाही. त्याचा अर्थ बुडवणं, पाण्यात बुचकळणं. इंग्रजीत सतराव्या शतकात ‘मर्ज’ आला तोही ‘बुडणं’ हाच अर्थ घेऊन. याच घराण्यातले इतर शब्द आठवा. ‘सबमर्ज’ म्हणजे पाण्याखाली जाणं. ‘इमर्ज’ म्हणजे पाण्यातून वर येणं. ‘इमर्जन्सी’ म्हणजे अचानक वर आलेलं संकट. ‘इमर्शन’ तर आपण दर वर्षी इंग्रजी वर्तमानपत्रात वाचतो. गणपती विसर्जनाला ते हाच शब्द वापरतात. इथे एक गंमत आहे. इंग्रजी शब्द पाण्याकडे बघतो, मूर्ती बुडाली एवढंच सांगतो. आपला ‘विसर्जन’ शब्द निरोपाकडे बघतो. विसर्जन म्हणजे सोडणं, पाठवणी करणं. म्हणून तर आपण ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतो. बुडालेल्याला कोणी ‘या’ म्हणत नाही, पाठवणी केलेल्याला म्हणतात.

आता आणखी एक पाऊल मागे जाऊ. संस्कृतात एक धातू आहे, ‘मस्ज्’. त्याचं रूप ‘मज्जति’, म्हणजे बुडतो, बुडी मारतो. त्यापासून ‘मज्जन’ म्हणजे स्नान, आणि त्यापासूनच ‘मग्न’, ‘निमग्न’. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की लॅटिनचं ‘मेर्गेरे’ आणि संस्कृतचं ‘मज्जति’ ही एकाच मुळाची भावंडं आहेत. म्हणजे ‘अभ्यासात मग्न’ यातला ‘मग्न’ आणि ‘बँक मर्ज’ यातला ‘मर्ज’ हे चुलत भाऊ झाले! पुरावा हवा असेल तर पक्ष्यांचा बघा. लॅटिनमध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्या पक्ष्याला ‘मेर्गुस’ म्हणतात, संस्कृतात ‘मद्गु’. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबालाला ब्रह्माचा एकेक पाद शिकवणारे चौघे येतात, बैल, अग्नी, हंस आणि शेवटी हा मद्गु. आपल्याकडे पाणकावळा जसा बुडी मारतो, दिसेनासा होतो आणि भलतीकडेच वर येतो, तशा जातीचा पक्षी. तो बुडतो, पण वर येतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग बुडण्याच्या शब्दाला एकत्र होण्याचा अर्थ आला कुठून? तो आला कायद्यातून. इंग्लंडमधल्या जुन्या जमीन कायद्यात एक तत्त्व होतं. एकाच जमिनीवरचा लहान हक्क आणि मोठा हक्क एकाच माणसाच्या हाती आले, तर लहान हक्क मोठ्यात बुडतो. ब्लॅकस्टोन नावाच्या अठराव्या शतकातल्या मोठ्या कायदेपंडिताने या शब्दाचा अर्थ सांगताना बुडणं हाच दाखला दिलेला आहे. हे तत्त्व आपल्याकडेही आहे. समजा, तुम्ही एका घरात भाडेकरू आहात आणि तेच घर पूर्ण विकत घेतलंत. मग तुमच्या भाडेकराराचं काय? तो संपला. स्वतःचंच घर स्वतःला कोण भाड्याने देणार? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १११ व्या कलमात भाडेपट्टा संपण्याच्या कारणांत हे एक कारण दिलेलं आहे. लक्षात घ्या, इथे मालकी जशीच्या तशी राहते. बुडतो तो फक्त लहान हक्क.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कंपन्या एकमेकींना गिळू लागल्या तेव्हा हाच शब्द व्यापारात आला. तिथून तो बँकेत, कचेरीत, संगणकात आणि आपल्या मोबाइलमध्ये आला. वाटेत त्याच्या अंगावरचं पाणी वाळून गेलं. आज ‘मर्ज’ म्हटल्यावर कोणालाही बुडणं आठवत नाही. सगळे गुण्यागोविंदाने एकत्र आले असंच वाटतं.

आता दुसरं घराणं बघा. इंग्रजीत ‘मिक्स’ आहे, लॅटिनमध्ये ‘मिस्केरे’, संस्कृतात ‘मिश्र’, आणि मराठीत आपली ‘मिसळ’. हेही एकाच मुळाचे शब्द. म्हणजे दोन स्वतंत्र घराणी आहेत. एक मिसळण्याचं, दुसरं बुडण्याचं. मिसळीत मटकी मटकी राहते, फरसाण फरसाण राहतं, पण रश्श्यात दोघांची चव बदलते. बुडण्यात तसं नाही. मराठी माणूस म्हणतो, पैसे बुडाले, रोजगार बुडाला, घराण्याचं नाव बुडालं. ‘बुडालं’ म्हटलं की कुठेतरी नुकसान आहे, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

या फरकाचा तत्त्वज्ञानात फार जुना विचार झाला आहे. ॲरिस्टॉटल विचारतो, मिश्रण कशाला म्हणायचं? त्याचं म्हणणं थोडक्यात असं. दोन पदार्थांची ताकद साधारण तुल्यबळ असेल, दोघेही थोडे थोडे बदलत असतील आणि त्यातून मधलं असं काही तिसरं तयार होत असेल, तर ते मिश्रण. त्याचं उदाहरण दारूच्या थेंबाचं आहे. दहा हजार मापं पाण्यात दारूचा एक थेंब टाकलात तर ते मिश्रण नव्हे. थेंबाचं पाणी झालं, एवढंच. पाणी थोडं वाढलं. यावर नंतरच्या स्टोइक पंथातला ख्रिसिप्पस उलट बाजू घेतो. तो म्हणतो, नाही, एक थेंब समुद्रात टाकला तरी तो समुद्रभर पसरतो, सगळ्या समुद्राशी मिसळतो.

तुम्हाला वाटेल, थेंबावरून काय एवढं भांडायचं? पण नीट बघा. मोठा नेहमी ख्रिसिप्पसची भाषा बोलतो. “तुम्ही नाहीसे कुठे झालात? तुम्ही तर आमच्यात सगळीकडे आहात!” आणि थेंबाचा अनुभव नेहमी ॲरिस्टॉटलचा असतो. २०१९ च्या १ एप्रिलला देना बँक आणि विजया बँक या दोन बँका बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. खाती सुरक्षित राहिली, पैसा कोणाचाही गेला नाही. पण पाटीवर नाव एकाच बँकेचं राहिलं. ॲरिस्टॉटलची कसोटी लावा. दोन्ही बाजू सारख्या बदलल्या का? उत्तर तुम्हीच द्या.

आता मराठी शब्दाकडे वळू. आपण ‘मर्जर’ला ‘विलीनीकरण’ म्हणतो. ‘वि’ आणि ‘ली’ यांपासून ‘विलीन’. ली म्हणजे चिकटणं, विरघळणं, लपणं. यातूनच लीन, लय, विलय. शब्द सुंदर आहे, कारण त्यामागे उपनिषदांचं वजन आहे. छांदोग्यातच उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पाण्यात मीठ टाकायला सांगतो. सकाळी म्हणतो, ते मीठ आण. मीठ सापडत नाही. मग वरचं, मधलं, तळाचं पाणी चाखायला लावतो. सगळीकडे खारट. मीठ दिसत नाही पण आहे. उपनिषदांत दुसरा दृष्टांत नद्यांचा आहे. नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांचं नाव आणि रूप उरत नाही.

हे दोन दृष्टांत एकसारखे नाहीत. मिठाच्या दृष्टांतात रूप जातं, चव राहते. नदीच्या दृष्टांतात नावही जातं. आणि मोक्षाच्या संदर्भात तरी नाव जाणं चांगलंच, असं सगळ्यांनी मानलं का? नाही. शंकराचार्यांच्या मते अभेद हेच अंतिम सत्य. रामानुजाचार्य म्हणाले, मुक्तीतही जीवाचं वेगळेपण उरतं. आणि आपल्या तुकोबांनी तर मुक्तीपेक्षा नामसंकीर्तन आणि संतसंग मागितला, त्यासाठी पुन्हा जन्माला यायची तयारी दाखवली. म्हणजे साक्षात परब्रह्मात विलीन व्हायचं की नाही यावरही आपल्याकडे दोन मतं आहेत, मग बँकेचं आणि शाळेचं काय घेऊन बसलात! माझा मुद्दा एवढाच, की विलीन हा अध्यात्मातला शब्द आहे. साधक स्वतःच्या इच्छेने, समजून उमजून नाव सोडतो. तोच शब्द सरकारी कागदावर आला की त्याची पवित्र झळाळीही सोबत येते, आणि इच्छेचा प्रश्न मागे पडतो.

आता आपल्या मातीतलं उदाहरण घेऊ. भोर हे संस्थान होतं. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १६९७ साली, शंकराजी नारायण यांच्याकडे सचिवपद आलं आणि त्यांच्या घराण्याकडे हा मुलूख राहिला. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे त्याचे तालुके. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. स्वातंत्र्यानंतर ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

त्या काळात तीन वेगवेगळे शब्द वापरात होते, आणि तीन शब्दांमागे तीन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिला ‘सामीलनामा’. त्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय केंद्राकडे जात, संस्थान संस्थान राहत असे. दुसरा ‘संघ’. दक्षिणेतल्या काही संस्थानांनी मिळून आपला एक संघ करावा असा प्रयत्न १९४७ मध्ये झाला. त्यात प्रत्येकाचं काहीतरी उरलं असतं. तो प्रयत्न टिकला नाही. तिसरा ‘विलीनीकरण’. त्यात संस्थान म्हणून काहीच उरलं नाही. राजांना तनखा मिळाला, तोही १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संपला.

आता इथे कोणी म्हणेल, सर, तुम्हाला संस्थानाचा पुळका आला का? अजिबात नाही. लहान हक्क मोठ्यात बुडाला हे खरं, पण बुडालेला हक्क राजाचा होता. रयतेच्या हाती त्या बदल्यात मत आलं. १९५१–५२ च्या निवडणुकीत भोरच्या शेतकऱ्याने आणि त्याच्या घरच्या बाईने मतपत्रिका पेटीत टाकली. म्हणजे बुडणं नेहमीच वाईट असतं असं नाही. काय बुडालं आणि कोणाचं बुडालं, हे बघावं लागतं. आणि तरीही त्याच वेळी साध्या माणसांचंही थोडं काही गेलंच. सुधागड सह्याद्रीखाली कुलाबा जिल्ह्यात गेला, म्हणजे आजच्या रायगडात. घाटावरचा मुलूख पुणे जिल्ह्यात आला. पूर्वी एका दरबारची प्रजा असलेली दोन गावं दोन जिल्ह्यांची झाली. प्रचंडगड, विचित्रगड ही तालुक्यांची नावं कागदावरून गेली, वेल्हे हे नाव आलं. आणि गंमत बघा, २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड नाव द्यायचा निर्णय घेतला. बुडालेलं एक नाव पाणकावळ्यासारखं पाऊणशे वर्षांनी वर आलं.

शब्दातलं पाणी इथे खरोखरच्या पाण्यालाही भेटतं. वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण सगळ्यांना ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे जुनं धरण झालं, मग त्याच्या जागी मोठं धरण बांधून १९२८ च्या सुमारास पुरं झालं. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचं नाव त्याला दिलं. आज जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. साधारण साडेतेवीस टीएमसी पाणी. ते नीरेतून वीरला जातं, तिथून कालव्यांनी बारामती, फलटण, माळशिरसकडे. खाली ऊस उभा राहिला. वर वेळवंडीच्या खोऱ्यातली भातखाचरं पाण्याखाली गेली. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी. पानशेत म्हटलं की पुणेकराला १२ जुलै १९६१ चा पूर आठवतो. त्याआधी त्या धरणाखाली गेलेली आंबी खोऱ्यातली गावं किती जणांना आठवतात? धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण या दोन तालुक्यांत उगीच ऐकू येत नाही.

भाटघरचं पाणी मे महिन्यात ओसरलं की कांबऱ्याचं जुनं कांबरेश्वराचं मंदिर उघडं पडतं. लोक चिखलातून चालत दर्शनाला जातात. पाऊस सुरू झाला की ते पुन्हा पाण्याखाली. ‘मर्ज’ आणि ‘इमर्ज’ या दोन शब्दांचा अर्थ शब्दकोशात बघण्यापेक्षा तिथे उभं राहून बघावा.

याच मुलखात दुसरीही भाषा आहे. भाटघरच्या खाली वेळवंडी नीरेला ‘मिळते’. नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेला ‘मिळते’. आपण नदी नदीत बुडाली म्हणत नाही. खालच्या प्रवाहाला एकीचंच नाव उरतं हे खरं, पण मिळण्याच्या जागेला आपण संगम म्हणतो, तिथे देऊळ बांधतो. दोघी तिथे आल्या होत्या याची खूण ठेवतो. आणि तिसरं उदाहरण काल्याचं. गोपाळकाल्यात प्रत्येक घरची शिदोरी एकत्र कालवतात. लाह्या, पोहे, दही, लोणच्याची फोड. काला सगळ्यांचा होतो, पण आपल्या घरची फोड ओळखू येते. मिळणं, मिसळणं, कालवणं, मुरणं, विरघळणं, बुडणं. एवढी क्रियापदं आपल्या घरात असताना आपण सगळीकडे एकच ‘मर्ज’ वापरतो, आणि मग नेमकं काय घडतंय ते दिसेनासं होतं.

आता आजचा प्रश्न घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांसाठी ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागवले. त्यासाठी दोन नमुने पुढे ठेवले होते. एक नंदुरबारमधलं तोरणमाळ, दुसरं आपलं पानशेत. लोकांच्या बोलण्यात लगेच आलं, शाळा मर्ज होणार.

दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात. चार मुलं आणि एक गुरुजी, चार इयत्ता एकाच खोलीत, खेळायला गडी नाहीत. अशा मुलाला मोठ्या शाळेत वर्गमित्र मिळतात, वाचनालय मिळतं, विषयाचे शिक्षक मिळतात. हे खरं मिसळणं आहे. पण डोंगरातल्या वाडीला मुळातच शाळा दिली ती अंतर बघून. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असं आहे. आषाढात ओढ्याला पाणी आलं, गाडी आली नाही, तर त्या दिवशी आठ वर्षांची मुलगी घरीच राहते. तिची शाळा मर्ज झाली असं आपण म्हणू. ती म्हणेल, माझी शाळा बुडाली. आणि मराठीत ‘शाळा बुडणं’ याचा अर्थ तर प्रत्येक मुलाला ठाऊक आहे!

म्हणून माझं सांगणं असं. कोणीही ‘मर्ज’ म्हणालं, मग ते बँकेबद्दल असो, शाळेबद्दल, ग्रामपंचायतीबद्दल की शहराच्या हद्दीत जाणाऱ्या गावाबद्दल, तर तीन प्रश्न विचारा. पहिला ॲरिस्टॉटलचा. दोन्ही बाजू बदलणार आहेत, की एकच? मोठी शाळा वाडीच्या मुलांसाठी आपली वेळ, आपली गाडी, आपली रीत बदलणार का? दुसरा प्रश्न उद्दालकाचा. रूप गेलं तरी चव कुठे उरणार? आणि तिसरा त्या मद्गु पक्ष्याचा. बुडी मारल्यावर वर यायची वाट आहे का? प्रयोग फसला तर वाडीची शाळा पुन्हा उघडणार का?

उत्तरं समाधानकारक असतील तर खुशाल ‘एकत्र आले’ म्हणा, ‘मिसळले’ म्हणा. मोठ्याच्या पोटात लहान जात असेल तर ‘समाविष्ट केले’ म्हणा, तो शब्द कचेरीतही चालतो. संस्था म्हणून एक संपत असेल तर ‘विलीन झाली’ हा अचूक शब्द आहे, पण तो म्हणताना काय संपलं तेही सांगा. आणि जिथे खरोखर बुडालं, तिथे ‘बुडालं’ म्हणायला लाजू नका. अर्ज लिहिताना, ग्रामसभेत ठराव मांडताना याचा उपयोग होतो. ‘शाळा मर्ज करू नये’ असं लिहिलंत तर अधिकारी म्हणेल, एकत्र यायला तुमचा विरोध का? ‘आमच्या मुलांचे शिक्षण पावसाळ्यात बुडेल, ते बुडू नये यासाठी काय व्यवस्था आहे ते लेखी सांगावे’ असं लिहिलंत, तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

मोबाइलवरचे दोन नंबर मात्र बिनधास्त मर्ज करा. तिथे माणूस एकच आहे, कोणी बुडत नाही.

पुढच्या वेळी आपण ‘विकास’ हा शब्द घेणार आहोत. तुमच्या गावात असे मर्ज झालेले, समाविष्ट झालेले, बुडालेले काही असेल तर जरूर कळवा, त्यावर बोलू.